बीएमआय ३१ आला म्हणून बोटीवर घेत नाहीयेत, काय करावं?

दाभोळखाडी | ४ जून, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. मी मर्चंट नेव्हीत फिटर आहे, १६ वर्षं झाली, वय ४१. चार महिने घरी होतो, आता जॉइनिंग आलं. कंपनीच्या डॉक्टरकडे मेडिकल झालं. बीपी १२६/८२, शुगर नॉर्मल, ट्रेडमिल पूर्ण केली, ऑडिओ, डोळे, एक्सरे सगळं ओके. उंची १६८, वजन ८८. डॉक्टरबाईंनी कॅल्क्युलेटर मारला आणि म्हणाल्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा) ३१.२, लिमिट ३० आहे, पुढच्या महिन्यात या. मी म्हणलं अहो मागच्या वेळी ९० होतो तेव्हा घेतलंत की, तर म्हणे तेव्हा लिमिट ३५ होतं, आता ऑफिसने बदललंय. बस. माझ्या जागी दुसरा माणूस गेलासुद्धा. घरी बसलेल्या दिवसाचा पगार आम्हाला नसतो हे सांगायला नको. कुणाला असा अनुभव आहे का? तक्रार कुठे करता येते का?

घाटावरचाबंड्या | ४ जून, रात्री १०:५८
साडेतीन किलोच तर कमी करायचेत दादा, एक महिना भात आणि मासळीचं तळण बंद करा, झालं की. धागा काढण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात खाडीला एक चक्कर झाली असती :)

मीठभाकर | ४ जून, रात्री ११:१५
बंड्या, माणूस काय विचारतोय आणि तू काय सांगतोयस. त्याची ट्रेडमिल पास आहे, वाच की नीट.
दाभोळखाडीदादा, माझे मामेभाऊ पण शिपवर असतात, त्यांनाही हल्ली मेडिकलच्या आधी आठ दिवस जेवण जात नाही टेन्शनने. आमची मामी म्हणते बोर्डाच्या परीक्षेलासुद्धा एवढा घाबरला नव्हता.

डॉ_निवांत | ५ जून, सकाळी ७:०५
मी जनरल प्रॅक्टिस करतो, अधूनमधून कंपन्यांची मेडिकल्स पण केलीत, म्हणून जरा लांबड लावतो.

हा जो फॉर्म्युला आहे, किलो भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, तो कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. केटले नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि आकडेशास्त्रज्ञ होता, त्याने १८३० च्या दशकात काढला. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, "सरासरी माणूस" कसा असतो हे त्याला शोधायचं होतं. पुढे अमेरिकेत विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले, आणि १९७२ मध्ये अँसेल कीज आणि मंडळींनी पाच देशांतल्या हजारो पुरुषांची मापं घेऊन म्हटलं की चला, त्यातल्या त्यात हाच फॉर्म्युला बरा, आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. पुरुषांची म्हटलं मी, त्यात बाई एकही नाही. आणि तो होता समूहाच्या अभ्यासासाठी. म्हणजे एका तालुक्यातल्या दहा हजार लोकांची वजनं दहा वर्षांत कशी सरकली हे बघायला उत्तम. समोर बसलेला एक फिटर शिडी चढू शकेल का याचं उत्तर त्यात नाही, कारण तो प्रश्नच कधी त्याला विचारलेला नव्हता.

बाकी गंमत बघा, अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांची ओव्हरवेटची रेघ २७.८ ला होती, ती २५ वर आणली. रात्री नॉर्मल झोपलेले लाखो लोक सकाळी ओव्हरवेट उठले. दाभोळखाडी, तुमच्या कंपनीने ३५ चं ३० केलं तसंच ते.

दादा, कंबर किती आहे ते सांगा पण. पॅन्टची नाही, बेंबीच्या पातळीवर टेप लावून.

दाभोळखाडी | ५ जून, दुपारी १:२०
डॉक्टरसाहेब, बायकोने टेप लावली, ९८ सेंमी.
आणि एक सांगायचं राहिलं. माझ्याबरोबर त्याच दिवशी एक मोटरमन (जहाजाच्या इंजिन रूममधला कामगार) होता, उंची १७०, वजन ६४, हात-पाय काड्या आणि पुढे छोटं मडकं. चार वर्षं शुगरची गोळी खातोय, कागदपत्रं आणलेली, कंट्रोलमध्ये आहे म्हणून पास झाला. होऊ दे, त्याच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पण त्याचा बीएमआय २२ म्हणून त्याला कुणी एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही आणि मला ट्रेडमिलचा कागद दाखवायचीही सोय नाही, हे डोक्यात बसत नाही.

डॉ_निवांत | ५ जून, दुपारी ३:४५
तुमचा मोटरमन म्हणजे आपल्याकडचं अगदी क्लासिक उदाहरण. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सेम टू सेम, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. दोघांच्या नावातला वाय घेऊन त्याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. याज्ञिकांचं पुण्याजवळच्या खेड्यांतलं काम फार मोठं आहे, आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी जन्मतात पण त्या मानाने चरबी कमी नसते, बारीक पण चरबीवाली. म्हणून तर आपल्याकडे डॉक्टर लोक २५ ऐवजी २३ ला ओव्हरवेट आणि २५ लाच लठ्ठ धरतात.

आता तुम्हाला न आवडणारं बोलतो. या हिशोबाने तुम्ही ३१ ला आहात, कंबर ९८, भारतीय पुरुषाला ९० ची रेघ. सोपा नियम असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुम्हाला ८४. बीएमआय चुकीचा म्हणून तुम्ही बरोबर असं होत नाही. दर सहा महिन्यांनी शुगर आणि लिपिड बघत जा. पण हा झाला तुमच्या तब्येतीचा प्रश्न, तो तुमचा आणि तुमच्या डॉक्टरचा. "याला कामावर घ्यायचं का" हा वेगळा प्रश्न आहे, तुमच्या कंपनीने दोन्हींची भेळ केलीय.

रोखठोक_नागपूर | ५ जून, रात्री ९:१०
सगळे इमोशनल होऊन राहिले इथे. मी फायर सेफ्टीत आहे, माझा प्रश्न साधा. हा भाऊ टाकीत किंवा इंजिन रूमच्या तळाशी बेशुद्ध पडला तर ८८ किलोचा माणूस वर कोण काढणार? मॅनहोल किती मोठं असते? काम जमते का एवढंच नसते, तुम्हाला दुसऱ्यांना वाचवता येते का आणि दुसऱ्यांना तुम्हाला वाचवता येते का, हे पण पाहावं लागते. मंग लिमिट ठेवलं तर काहून वाईट वाटते?

ॲबर्डीनचा_अण्णा | ६ जून, पहाटे २:३०
रोखठोक, मुद्दा शंभर टक्के खरा पण त्याचं उत्तर बीएमआय नाही, काय मोजायचंय ते मोजा हे आहे. मी नॉर्थ सीमध्ये ऑफशोअरला काम करतो, मूळचा सांगलीचा. इथे आम्ही हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जातो. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर खिडकीतून बाहेर पडायचं असतं. मग इथल्या म्हणजे ब्रिटनच्या सीएएने (विमान वाहतूक खातं) काय केलं, एप्रिल २०१५ पासून प्रत्येकाच्या खांद्यांची रुंदी मोजायला लावली. ५५.९ सेंमी म्हणजे २२ इंच किंवा जास्त भरली तर तुम्ही "एक्स्ट्रा ब्रॉड", तुम्हाला मोठ्या खिडकीजवळची सीट. घरी नाही पाठवत, सीट बदलतात! आमच्यात एक वेटलिफ्टर आहे, पोट सपाट, तो एक्स्ट्रा ब्रॉड, आणि ढेरीवाला माझा बॉस नॉर्मल सीटवर. पहिल्या दिवशी सगळे हसले, मग लक्षात आलं की खिडकीला ढेरी अडत नाही, खांदे अडतात. (ढेरी दाबली जाते हो, स्वतः ट्रेनिंगच्या टँकमध्ये उलटा लटकून बघितलंय, नाकात गेलेलं पाणी अजून आठवतं.)

दाभोळखाडी | ६ जून, सकाळी ९:५०
अण्णा भारी माहिती. रोखठोक साहेब, तुमचंही बरोबर आहे, एन्क्लोज्ड स्पेसचं (टाकीसारख्या बंद जागेतून माणूस बाहेर काढायचं) ड्रिल आम्ही दोन महिन्यांनी करतो, स्ट्रेचरला मी पुढे असतो कारण जोर माझ्याकडे जास्त आहे. मॅनहोल ६०० बाय ६०० चं असतं, मी त्यातून महिन्यात दहा वेळा जातो.
आता लाइफबोटीचं सांगतो. कार्गो जहाजाच्या लाइफबोटीत एका माणसाचं वजन ८२.५ किलो धरलेलं असतं, आधी ७५ धरायचे, २०१० पासून वाढवलं. मी ८८ चा, म्हणजे मी जास्तच आहे, मान्य. पण आमचा मागचा चीफ ऑफिसर नॉर्वेचा, उंची १९०, वजन ९५. त्याचा बीएमआय येतो २६. तो पास. सीटला त्याचे ९५ लागणार की २६? बोटीला वर्गमूळ-बिर्गमूळ कळतं का काही.

रोखठोक_नागपूर | ६ जून, सकाळी १०:३०
वर्गमूळ नाही, वर्ग. पण मुद्दा पोचला. ९५ वाल्यालाही थांबवा मंग.

घाटावरचाबंड्या | ६ जून, सकाळी १०:४१
नॉर्वेवाल्याला थांबवलं तर जहाज कोण चालवणार रोखठोक, तुम्ही?

माजी_केबिनक्रू | ६ जून, दुपारी ४:१५
मी विमानात १४ वर्षं काढली, कुठली एअरलाइन ते सोडा. तुम्हा लोकांना ३० चं लिमिट म्हणून राग येतोय, आमच्याकडचं ऐका. डीजीसीएच्या (आपलं विमान वाहतूक खातं) २०१४ च्या नियमात पुरुष क्रूला नॉर्मल म्हणजे १८ ते २५ आणि बायकांना १८ ते २२. म्हणजे १६० सेंमी उंचीचा मुलगा ६४ किलोपर्यंत नॉर्मल आणि त्याच उंचीची मुलगी ५६ च्या पुढे गेली की ओव्हरवेट. ट्रॉली तीच, दरवाजा तोच, घसरगुंडीवरून लोकांना ढकलायचं तेही तेच. आणि शरीरशास्त्राने बायकांच्या अंगात चरबी मुळातच जास्त असते, म्हणजे हिशोब उलटा हवा ना? पण आम्हाला मोजायचं ते इव्हॅक्युएशनसाठी नव्हतंच हो, युनिफॉर्मसाठी होतं, हे ग्रूमिंगच्या खोलीत वजनकाटा ठेवलेला असतो त्यावरूनच कळतं. मेडिकल रूममध्ये नाही, ग्रूमिंगच्या.

हे काही आजचं नाही. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं होतं की पहिल्या बाळंतपणाला एअर होस्टेसला नोकरीवरून काढता येणार नाही. वजनाच्या बाबतीत मात्र कोर्टाने हात नाही दिला, दिल्ली हायकोर्टाने २००८ मध्ये जास्त वजनाच्या होस्टेसना ग्राउंड करणं (उड्डाणाची ड्यूटी बंद करणं) योग्य ठरवलं, आणि मग २०१५ मध्ये एअर इंडियाच्या सव्वाशेच्या आसपास क्रूला ग्राउंड करायची बातमी आलेली आठवत असेल. माझ्या डिलिव्हरीनंतर मी परत आले तेव्हा दीड किलो जास्त होते. सीपीआर आणि आगीचं ड्रिल बॅचमध्ये पहिली. तीन महिने फ्लाइंग अलाउन्स गेला. काकडी आणि ब्लॅक कॉफीवर दिवस काढलेत, बाळाला दूध पाजत होते तेव्हा. असो.

मीठभाकर | ६ जून, दुपारी ४:५०
ताई, वाचूनच कसंतरी झालं. बाळंतिणीला काकडीवर ठेवायचं म्हणजे काय, आमच्याकडे डिंकाचे लाडू संपेपर्यंत उठू देत नाहीत.

तालमीतला_कोल्हापूर | ६ जून, रात्री ८:३५
आता आमचं बी ऐका. माझा चुलतभाऊ पैलवान, १७२ उंची, ८१ वजन, बीएमआय २७ च्या वर. पोट बघाल तर पाटा. सीडीएसचा (सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा) फॉर्म भरायचा म्हणून नोटिफिकेशन आणलं. त्यात मागं मेडिकलचं परिशिष्ट असतंय, त्यात लिहिलंय की वजन जास्त असलं तरी बॉडीबिल्डिंग, कुस्ती, बॉक्सिंगवाल्याला घेऊ, पण नॅशनल लेव्हलचा पुरावा पायजे. बरं, ठीक हाय म्हणलं. खाली अटी बघितल्या, कंबर ९० च्या आत, कंबर आणि नितंबाचं प्रमाण ०.९ च्या आत, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, हे सगळं झ्याक, आणि पहिलीच अट काय, तर बीएमआय २५ च्या खाली!! आता मला सांगा, ज्याचा बीएमआय २५ च्या खाली हाय त्याला सवलत कशाला पायजे? भाऊ तिथंच गार झाला. गेला नाही पुढं. २५ ला यायचं म्हणजे सात किलो उतरवायचं, आणि ते सात किलो मांडीतनंच जाणार, वस्तादांनी दहा वर्षं खर्ची घालून चढवलेलं.

त्याच्यापेक्षा आपली पोलीस भरती बरी वाटती मला. उंची १६५, छाती ७९ आणि फुगवून ५ जास्त, मग १६०० मीटर पळा, १०० मीटर पळा, गोळा फेका. त्याचे गुण. घड्याळ बोलतंय, काटा न्हाई.

डॉ_निवांत | ६ जून, रात्री ९:२०
छाती फुगवण्याचं काय प्रयोजन आहे ते पण कुणी मला सांगा कधीतरी :) बाकी सहमत. अमेरिकन आर्मीने २०२३ मध्ये जवळपास हेच केलं, फिटनेस टेस्टमध्ये ६०० पैकी ५४० पडले आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० असतील तर चरबी मोजायला बोलवायचं नाही असं तेव्हा ठरवलं.

एचआरवाला_ठाणे | ७ जून, सकाळी ११:००
मला शिव्या पडणार हे माहितीये, तरी लिहितो. मी शिपिंगमध्येच क्रूइंगला (जहाजांवर माणसं नेमायचं काम) होतो काही वर्षं. लिमिट का येतं ते सांगतो. भर समुद्रात कुणाला हार्टचं झालं की जहाज वळवावं लागतं, हेलिकॉप्टर, परदेशातलं हॉस्पिटल, घरी पाठवायचा खर्च, बदली माणूस, लाखांत नाही कोटीत जातं कधीकधी. मग विमावाले, म्हणजे पी अँड आय क्लब, म्हणतात मेडिकल कडक करा. मग ऑफिसमध्ये मीटिंग होते आणि कुणीतरी म्हणतं की बीएमआय ३० ठेवू. का ३० तर गोल आहे म्हणून. खरं सांगतो, त्या मीटिंगला मी होतो. डॉक्टर नव्हता कुणी.

आणि दुसरी गोष्ट, डॉक्टरने "माझ्या मते हा माणूस फिट आहे" लिहिलं की उद्या काही झालं तर डॉक्टरचं नाव येतं. एक्सेलमध्ये ३० च्या वर लाल रंग भरला की कुणाचंच नाव येत नाही. माणूस नाकारायचा पण कुणी नाकारला हे कळता कामा नये, याला बीएमआयसारखी सोय नाही. दाभोळखाडी, तुमच्या बाईंना त्यांचा स्वतःचा अधिकारच नसणार काही, त्यांच्यावर चिडू नका.

ॲबर्डीनचा_अण्णा | ७ जून, दुपारी १२:४०
एचआरवाला, शिव्या नाही, धन्यवाद. एवढं उघड कुणी बोलत नाही.

नियमबघा | ७ जून, संध्याकाळी ६:३०
उशिरा आलो. तक्रारीचं विचारलंय त्याबद्दल. सीफेअररच्या मेडिकलसाठी आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) यांच्या एकत्र गाइडलाइन्स आहेत २०१३ च्या. त्यात वजनाच्या रकान्यात लिहिलंय की बीएमआय हा पुढची तपासणी कधी करायची हे सांगणारा उपयोगी निर्देशक आहे, पण क्षमतेचा निर्णय फक्त त्याच्या आधारावर घेऊ नये. मग पुढे शिडी चढणं, वजन उचलणं, अरुंद जागेतून जाणं असं सगळं बघायला सांगितलंय. म्हणजे पुस्तकात हे भांडण २०१३ मध्येच मिटलंय.

पण तुमची अडचण वेगळी आहे दादा. मेडिकल सर्टिफिकेट नाकारलं असेल तर एमएलसी कन्व्हेन्शनप्रमाणे (जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडे फेरतपासणी मागता येते. तुमचं सर्टिफिकेट कुणी नाकारलेलंच नाही, डीजी शिपिंगच्या (सरकारी जहाज वाहतूक खातं) मान्यतेचा डॉक्टर तुम्हाला आजही फिट देईल. कंपनी म्हणतेय आमची स्वतःची अट. प्रायव्हेट कंपनीला वजनावरून नोकरी नाकारू नको असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. दिव्यांग कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात लठ्ठपणा नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७६ पासून उंची-वजनावरून भेदभाव करता येत नाही, न्यूयॉर्क शहराने तसा कायदा २०२३ मध्ये केला. युरोपच्या कोर्टापुढे २०१४ मध्ये डेन्मार्कच्या एका मुलं सांभाळणाऱ्या माणसाची केस आली, त्यांनी म्हटलं की लठ्ठपणामुळे कामात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ते अपंगत्व धरता येईल. पण बघा हं, तुमची तर उलट तक्रार आहे, की अडथळा येतच नाही! तिथेही तुम्ही बसत नाही.

तरी एक करा. ट्रेडमिलचा रिपोर्ट जोडून कंपनीला ईमेल टाका, गाइडलाइन्सचं ते वाक्य लिहा आणि फिजिकल कॅपॅबिलिटी टेस्ट घ्या असं लेखी मागा. उत्तर नाही आलं तरी रेकॉर्ड राहतं. युनियनचे मेंबर असाल तर त्यांनाही कॉपी.

दाभोळखाडी | ७ जून, रात्री ११:०५
टाकतो ईमेल. इंग्रजी जरा तपासून द्याल का, व्यनि (खाजगी निरोप) करतो. सगळ्यांचे आभार, डॉक्टरसाहेबांचे जास्त, कंबरेवरून बायकोने पण झापलंय.

दाभोळखाडी | १ जुलै, रात्री ९:३०
अपडेट द्यायचं होतं. ईमेलला उत्तर आलं दोन ओळींचं, "ॲज पर कंपनी पॉलिसी". युनियनवाल्यांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाले.
मग काय करणार. तीन आठवडे सकाळी जेट्टीपर्यंत चालत जाऊन परत, भात एकवेळ, तेवढ्यात दोन किलो गेले. वर दीड राहिलं. मेडिकलच्या आधी दोन दिवस पाणी जवळपास बंद केलं, दुपारच्या उकाड्यात स्वेटर घालून चाललो. काट्यावर ८४.४. बाईंनी कॅल्क्युलेटर मारला, २९.९. फिट. फक्त बीपी यावेळी १३८/८८ आलं, डोकं पण गरगरत होतं, पण ते त्यांच्या लिमिटमध्ये बसतंय म्हणाल्या. ट्रेडमिल यावेळी घेतलीच नाही, मागची चालते म्हणे.

डॉ_निवांत | १ जुलै, रात्री ९:४८
म्हणजे ४ जूनला धडधाकट माणूस अनफिट आणि आज सुकलेला, चक्कर येणारा माणूस फिट. छान. परत असं करू नका, उन्हात पाण्याशिवाय चालून किडनीला काय होतं ते जहाजावर इंजिन रूमच्या गरमीत कळलं तर तिथे मी नाही. आज रात्री ओआरएस घ्या, थोडं थोडं. बीपी चार दिवस सकाळी घरी मोजा आणि इथे टाका.

तालमीतला_कोल्हापूर | १ जुलै, रात्री १०:०२
वजन तोडायची हीच पद्धत आमच्याकडं, मॅटवर उतरायच्या आदल्या रात्री. पण पैलवान वजन दिल्यावर लगेच पितोय-खातोय, तुमी बी प्या आता.

मीठभाकर | १ जुलै, रात्री १०:१०
कुठल्या पोर्टला जॉइन होताय दादा?

दाभोळखाडी | १ जुलै, रात्री १०:२५
सिंगापूर. गुरुवारी रात्रीची फ्लाइट. ओआरएस घेतलं डॉक्टरसाहेब, पोळी-भाजी पण झाली. जॉइनिंगच्या फॉर्मवर बॉयलर सूटचा साइज विचारलाय, एक्सएल टाकलाय, लार्जमध्ये खांदे अडकतात.

घाटावरचाबंड्या | २ जुलै, सकाळी ८:१५
दादा शुभेच्छा, पहिल्या कमेंटबद्दल सॉरी. माझ्या भाच्याला कॅडेट म्हणून जायचंय, १७५ ला ९३ किलो. हे ३० चं लिमिट सगळ्या कंपन्यांत आहे का तुमच्याच? कुणाला माहीत असेल तर सांगा.